इगतपुरीला ऊन पडेपर्यंत

अण्णा,

रविवारी आपल्या घरी एक गृहस्थ येणार आहेत. इगतपुरीचे. रेल्वेत आहेत, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, बायको जाऊन सहा वर्षं झाली. येताना ते त्यांच्या आईच्या डब्यातले अकरा जुने राणीछाप रुपये आणणार आहेत. मी ते पाहायचे आणि कुठले धुतलेले, कुठले नाहीत ते सांगायचं, एवढंच काम. एवढंच असतं तर भर दुपारी शाळेची वही काढून मी तुम्हाला लिहायला बसले नसते. येण्याआधी त्यांनी मला एक प्रश्न विचारलाय. साधा, घरगुती. त्याच्या उत्तरात माझं लासलगावचं लग्न येऊ द्यायचं की नाही, हे या वेळी माझ्या हातात आहे. पंधरा वर्षांपूर्वी ते तुम्ही तुमच्या हातात घेतलं होतं. त्याबद्दल आपण दोघं कधी धड बोललो नाही, आणि मग तुम्ही गेलात.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गल्लीत दोनच घरांत फोन होता, त्यामुळे आधी हे सांगायला हवं की आता जुनी नाणी कॉम्प्युटरवर विकली जातात. नाशिकमधला माणूस कोलकात्याच्या माणसाचा रुपया घरबसल्या घेतो. लिलावच असतो, लासलगावच्या कांद्यासारखा, फक्त ट्रॅक्टरची रांग नसते आणि कोणी ओरडत नाही. माल हातात न घेता बोली लावायची. तुम्ही म्हणाला असतात, ‘हातात न घेता? मग बघायचं काय, डोंबल?’ तर बघायचे फोटो. विकणारा दोन फोटो लावतो, एक राणीच्या बाजूचा, एक मागचा, आणि खाली लिहितो, ‘एकदम चकाचक, टांकसाळीतून आत्ताच आल्यासारखा.’ हे वाक्य दिसलं की मला तुमचा चेहरा दिसतो, भुवई वर गेलेला. शंभर-सव्वाशे वर्षं लोकांच्या कनवटीला, गाठोड्यात, मातीच्या मडक्यात राहिलेला रुपया आत्ताच आल्यासारखा कसा दिसेल? दिसला, तर मधे कोणीतरी काहीतरी केलंय.

गेली तीन वर्षं मी हे फोटो बघते आहे. नाणी घेणाऱ्या लोकांचा एक छोटा गट आहे, एकमेकांना ई-मेल करणारा, त्यात माझं नाव झालंय की नाशिकच्या बाई फोटोवरून सांगतात. मी काही विशेष करत नाही, तुमचं जे ऐकलं तेच करते. चेहरा सगळा पांढरा फटक आणि काळं फक्त अक्षरांच्या कोपऱ्यात, बादलीच्या कडेला साबण राहतो तसं, म्हणजे पुसलेला. राणीच्या गालावर बारीक रेघा आणि त्या सगळ्या एकाच दिशेला, म्हणजे घासलेला. एकदा एका विकणाऱ्याला मी तसं कळवलं तर त्याने उलट लिहिलं, ‘मॅडम, इतका जुना माल आहे, ओरखडे नसणार का?’ मी लिहिलं, ‘असणारच. पण शंभर वर्षांतल्या सगळ्या लोकांनी मिळून डावीकडून उजवीकडेच कसा ओरखडला?’ त्याचं उत्तर आलं, ‘मॅडम आप सीआयडी में हो क्या?’ मी एकटीच खूप हसले. मग वाटलं, हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

सराफ बाजारातला तुमचा ओटा मला अजून पूर्ण आठवतो. दुकान म्हणायला जीव नव्हता त्याला. दोन दुकानांच्या मधली साडेतीन हात जागा, वर पत्रा, समोर ‘चांदीची भांडी पॉलिश करून मिळतील’ असा स्वतः रंगवलेला फळा. रिठ्याच्या पाण्याचं घमेलं, पितळी तारांचे तीन ब्रश, आणि पाठीमागे खिळ्याला लटकवलेला पंचा. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस तुम्ही जेवायलाही घरी येत नसायचा. आई मला डबा घेऊन पाठवायची आणि मी फळीवर बसून बघत राहायची. काळीठिक्कर निरांजनं, तांबे, समया तुमच्या हातातून चंद्रासारखी बाहेर पडायची. बायका भांड्यांबरोबर लक्ष्मीपूजनाचे रुपयेही आणायच्या. ते तेवढे तुम्ही कागदात गुंडाळून जसेच्या तसे परत द्यायचा. नाशिक रोडच्या एक वहिनी होत्या, ठणठणीत आवाजाच्या. त्या भडकल्या होत्या तुमच्यावर. ‘अहो अण्णा, सगळं घर उजळलंत आणि लक्ष्मीलाच काळं ठेवलंत?’ तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘वहिनी, तांब्या तुमचा आहे, घासतो. रुपया अजून कोणाकोणाचा आहे, मला काय माहीत?’ वहिनी म्हणाल्या, ‘माझा आहे की! माझ्या सासूचा!’ ‘आणि सासूबाईंच्या आधी?’ वहिनींनी पुडी उचलली. ‘चिंच लावून घरीच घासते मी,’ असं म्हणून गेल्या, आणि पुढच्या वर्षी परत भांडी घेऊन आल्या. रुपये आणले नाहीत. ‘घासले का हो?’ तुम्ही विचारलंत. ‘घासले,’ त्या म्हणाल्या, ‘आणि आता ते तुमच्या त्या अॅल्युमिनियमच्या दहा पैशासारखे दिसतात, झालं समाधान?’ तुम्ही दोघंही हसलात.

हा नियम तुमचा नव्हता, तुमच्या उस्तादांचा होता. काम शिकून झालं त्या दिवशी त्यांनी तुम्हाला एक राणीछाप रुपया दिला होता आणि बजावलं होतं की याला ब्रश लावायचा नाही. रोज घासणाऱ्या माणसाच्या घरात एक तरी न घासलेली वस्तू असावी, म्हणजे कुठे थांबायचं ते ध्यानात राहतं. तो रुपया तुमच्या तपकिरीच्या जुन्या डबीत, मऊ कापडात असायचा. निळसर-करडा, कडेला जांभळी झाक, मुकुटाच्या नक्षीत काळं बसलेलं. मी लहान असताना वर्षातून एकदा तुम्ही तो दाखवायचा, तोही कडेने धरून. हात लावू द्यायचा नाही.

लासलगावहून मी परत आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. चौदा महिने झाले होते लग्नाला. त्या घराबद्दल मी वाईट बोलणार नाही. कांद्याचे व्यापारी, दिवसभर राबणारी माणसं. नवऱ्याला मी नको होते, आणि हे सांगायचं धैर्य गोळा करायला त्याला चौदा महिने लागले. कागदपत्रं होईपर्यंत मी आपल्या मागच्या खोलीत बसून असायची. आई रडायची, शेजारणी कशाकशाच्या निमित्ताने यायच्या. तुम्ही काही विचारलं नाहीत. एका सकाळी कामावर जायच्या आधी डबी घेऊन आलात, पूर्वेच्या खिडकीशी मला बोलावलंत आणि तो रुपया चक्क माझ्या हातात दिलात. ‘कडेने धर. आता तिरका कर. हळू गोल फिरव. काय दिसतं?’ मी म्हटलं, राणी दिसते. ‘राणी राहू दे. उजेड बघ.’ मी परत फिरवला आणि मला ते दिसलं, अण्णा. उजेडाचे आरे चाकासारखे फिरत होते, रुपयाच्या अंगावरून, करड्या रंगाच्या खालून. मग तुम्ही खिशातून दुसरा काढलात, कोणाकडून तरी दिवसापुरता मागून आणलेला, चकचकीत. त्याच्यावर उजेड नुसता पडत होता, जागचा हलत नव्हता. ‘हा धुतलेला,’ तुम्ही म्हणालात. ‘चांदी तेवढीच आहे. वजन तेवढंच. पण वरची साय गेली.’ त्यानंतर रोज सकाळी तुम्ही एखादं नवं नाणं आणायचा. तुमच्या ओळखीच्या सराफांकडे मागायला जायचा, ‘पोरीला दाखवतो आणि संध्याकाळी आणून देतो.’ एकदा आणलेलं नाणं मी बघून सांगितलं की हे काळं आहे पण बरोबर वाटत नाही, काळं उंच भागावर जास्त आहे, खोल भागात कमी. तुम्ही ते नाकाशी नेलंत. ‘शाबास. धुऊन परत काळं केलंय, उकडलेल्या अंड्याशेजारी डबीत ठेवून. आईला सांगू नकोस, घरात अंडं आलं म्हणेल.’ लासलगावहून आल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती त्या सकाळी.

मला नोकरी लागली, शाळेत. दोन वर्षं गेली. मग मामाने ते स्थळ आणलं. मुलगा नाशिक रोडचा, सरकारी नोकरीतला, त्याचं लग्न उशिरापर्यंत राहिलेलं. मामा आदल्या संध्याकाळीच सिन्नरहून आला होता आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून आईला पटवत होता. ‘चौदा महिने म्हणजे काय गं अक्का? एक उन्हाळा आन् एक पावसाळा. पोर आहे तशी आहे. मूलबाळ नाय, काही नाय. कशाला उकरून काढायचं? लग्न ठरू दे, रुळू दे, मग सावकाश सांगता येतं.’ आई तुमच्याकडे बघत होती. तुम्ही अडकित्त्याने सुपारी कातरत होतात. मी आतून ऐकत होते. पण आज खरं सांगते, माझं ठरलं होतं. मी त्या मुलाला गच्चीवर नाहीतर अंगणात एकटं गाठून स्वतः सांगणार होते. शब्द पाठ करून ठेवले होते. मग त्याने काय ते ठरवावं.

दुसऱ्या दिवशी ते पाच जण आले. पोहे झाले, चहा आला. मुलाची आई माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मुलगी छान आहे हो. पण इतके दिवस कसे थांबलात?’ मामा लगेच म्हणाला, ‘शिक्षण, मग नोकरी... आजकाल मुलीच ऐकत नाहीत.’ सगळे हसले. आणि तुम्ही कप खाली ठेवलात आणि म्हणालात, ‘तिचं एकदा लग्न झालेलं आहे. लासलगावला. दोन वर्षांपूर्वी सुटलं.’ त्यानंतर खोलीत फक्त त्या मुलाच्या आत्याचा चमचा वाजत होता. त्यांचे पोहे संपायचे होते. त्यांनी ते संपवले, ताटली खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘पोहे मात्र छान झालेत.’ पाच मिनिटांत ते निघाले. मुलाने जाताना माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने नव्हे. काहीतरी विचारायचं राहिल्यासारखं. ती नजर मी बरीच वर्षं बाळगली. मामा तुमच्यावर तुटून पडला. ‘अण्णा, जीभ आहे का ब्रश? दिसेल ते घासत सुटायचं?’ तुम्ही म्हणालात, ‘मी घासलं नाही. तू घासत होतास.’ आणि चप्पल घालून ओट्यावर निघून गेलात.

मी तुमच्याशी तीन आठवडे बोलले नाही. आईला वाटलं स्थळ मोडलं म्हणून. तुम्हालाही तसंच वाटलं असणार. स्थळाचं मला इतकं काही नव्हतं. माझ्या आयुष्यातली एकच गोष्ट होती जी फक्त माझी होती, आणि ती कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत सांगायची हे मी ठरवलं होतं, आणि तुम्ही ती पोह्यांच्या ताटल्यांमधे ठेवून दिलीत. मला न विचारता. खरं बोललात यात शंकाच नाही. पण ते माझं खरं होतं.

चौथ्या आठवड्यात एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, घरात कोणी नसताना मी तुमची डबी काढली. घरी ठेवलेला जुना ब्रश घेतला, रिठे भिजवले, कोमट पाणी केलं. हात कुठे अडला नाही. मी तुमची मुलगी होते, ते काम मी लहानपणापासून बघत आले होते. आधी राणीचा चेहरा, मग मुकुट, मग झग्याची नक्षी, मग मागची वेलबुट्टी, शेवटी कड. निळा रंग पाण्यात गेला, जांभळा गेला. पंधरा मिनिटांत तुमच्या उस्तादांचा रुपया दहा पैशांसारखा लख्ख झाला. पंचाने टिपून मी तो कापडात न गुंडाळता, उघडाच डबीवर ठेवला, तुम्हाला आल्या आल्या दिसेल असा. आणि मग मला इतकी भीती वाटली की मी गच्चीवर जाऊन बसले.

तुम्ही आलात, हातपाय धुतलेत. मी जिना उतरून आले तेव्हा तुम्ही खिडकीशी होतात, रुपया कडेने धरलेला, चष्मा कपाळावर. तिरका करून, हळूहळू फिरवून बघत होतात. मला वाटलं आता हात उगाराल. उगारला असता तर बरंही वाटलं असतं. तुम्ही म्हणालात, ‘हात चांगला बसलाय तुझा. कड कुठे सुटली नाही. बहुतेकांची कड सुटते.’ मी रडायला लागले. तुम्ही रुपया खाली ठेवलात, तोही कडेनेच. मी कसंबसं म्हटलं, ‘पुढच्या वेळी मला विचारा.’ तुम्ही म्हणालात, ‘विचारीन.’

एवढंच. माझ्याकडून तेवढंच निघालं आणि तुमच्याकडून तेवढंच. पुढची वेळ आली नाही. मामाने पुन्हा स्थळ आणलं नाही आणि मीही कधी विषय काढू दिला नाही. पण तुम्ही शब्द पाळलात, भलतीकडेच. तेव्हापासून मला सगळं विचारायला लागलात. ‘ताई, रेडिओ लावू का?’ ‘ताई, खिडकी उघडी ठेवू का?’ ‘ताई, आज मी केस कापून येऊ का?’ आई म्हणायची, ‘म्हातारा चळला.’ मला मात्र कळत होतं, आणि मी दर वेळी अगदी गंभीरपणे सांगायची, ‘हो, लावा. हो, ठेवा. हो, या कापून.’ आणि तो रुपया तुम्ही ओट्यावर नेलात. कोणी नाण्याचं विचारायला आलं की तो दाखवायचा. ‘हे बघा, धुतल्यावर असं होतं. उत्तम हाताने धुतलंय, तरी असं होतं.’ कोणी धुतला ते कधी सांगितलं नाहीत.

शेवटची दोन वर्षं तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ऑपरेशनला तुम्ही तयार नव्हतात. लोक नाणी घेऊन घरी यायचे. तुम्ही म्हणायचा, ‘ताई, तू बघ आणि मला सांग.’ मी खिडकीशी बसून सांगायची: करडं आहे, गालावर जरा पिवळसर, अक्षरांच्या आत काळं, कडेला निळं. ‘उजेड फिरतो?’ फिरतो. ‘अक्षरांच्या बाहेरच्या काठाला पांढरी रेघ?’ नाही. ‘मग ठेवायला सांग त्यांना. विकू नका म्हणावं इतक्यात.’ न बघता, माझ्या शब्दांवरून तुम्ही ओळखायचा. आणि माझं कधी चुकलं तर माझ्या आवाजावरून ते ओळखायचा. ‘तुला ते धुतलेलं नसावं असं वाटतंय, म्हणून तसं दिसतंय. परत बघ.’ आज फोटोवरून मी जे करते ते तिथेच शिकले. हाताला न लागणारी वस्तू ओळखायची तर आधी आपल्याला काय दिसावंसं वाटतंय ते बाजूला ठेवावं लागतं.

आता त्या इगतपुरीच्या गृहस्थांकडे येते. जूनच्या अखेरीला त्यांनी एक रुपया विकायला लावला होता. खाली लिहिलं होतं, ‘आईचा आहे. बराच काळा आहे. हवा असल्यास धुऊन देईन.’ मी शाळेच्या कॉम्प्युटरवर होते. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली तरी उठले नाही, आधी त्यांना लिहिलं, ‘कृपया धुऊ नका. काहीही झालं तरी धुऊ नका.’ दुसऱ्या दिवशी उत्तर: ‘बरं. नाही धुवत. पण बाई, तुम्ही असं लिहिलंत की मला वाटलं रुपयाला न्यूमोनियाच होईल.’ मी लिहिलं, काळा रंग अस्सल आहे का ते कळायला खिडकीतल्या उन्हात तिरका धरून फोटो काढा. त्यांनी लिहिलं, ‘ऊन? बाई, ही इगतपुरी आहे. जूनमधे गेलं ते दिवाळीच्या सुमारास येतं. दोरीवरचे माझे मोजे चार दिवस ओले आहेत. धीर धरा.’

तर धीर धरला. ऊन येईना म्हणून आम्ही एकमेकांना लिहीत राहिलो. त्यांनी ढगाळ उजेडात फोटो पाठवायचे, मी सांगायचं की यावरून कळत नाही, मग त्यांनी भाताच्या रोपांची आवणी कुठवर आली, घाटात दरड पडून गाडी किती तास अडकली, आई रुपये कसे ठेवायची, असलं काहीबाही लिहायचं. त्यांच्या आईने अकरांपैकी एकच रुपया दर दिवाळीला राखेने घासला, बाकी दहा कधी डब्याबाहेर काढले नाहीत. का, ते कोणालाच माहीत नाही. मी त्यांना तुमच्याबद्दल लिहिलं. ओट्याबद्दल, उस्तादांबद्दल, उकडलेल्या अंड्याबद्दल. आपला रुपया कोणी धुतला तेही लिहिलं. का धुतला ते लिहिलं नाही, नुसतं ‘रागाने’ लिहिलं. त्यांनी विचारलं नाही. ‘माझी बायको रागावली की माझे बूट पॉलिश करायची,’ एवढंच लिहिलं, ‘इतके चकचकीत की घालायची लाज वाटावी.’

मागच्या आठवड्यात त्यांनी लिहिलं की उन्हाची वाट बघत दोघंही म्हातारे होऊ, त्यापेक्षा रविवारी सकाळच्या गाडीने मी रुपये घेऊन नाशिकलाच येतो, तिकडे ऊन असतं म्हणे. आणि खाली एक ओळ होती: ‘घरी कोण कोण असतं? म्हणजे त्या अंदाजाने खाऊ आणतो.’

हाच तो प्रश्न. बघा, त्यात काही नाही. माणूस पेढे अर्धा किलो आणावेत की पावशेर एवढंच विचारतोय. आई गेल्यापासून मी एकटीच असते, आणि तसं लिहिलं की झालं. पण अण्णा, मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि मला माहीत आहे की या तीन महिन्यांत तो आणि मी नुसते रुपयाबद्दल लिहीत नव्हतो. काय होईल, काही होईल की नाही, मला माहीत नाही. पण माझी गोष्ट माझ्या तोंडून, माझ्या शब्दांत सांगायची संधी, जी तुम्ही माझ्याकडून घेतलीत म्हणून मी तीन आठवडे अबोला धरला, ती आता समोर उभी आहे. मधे बोलायला मामा नाही. कप खाली ठेवायला तुम्ही नाही.

वर मी असं लिहिलंय की काय उत्तर द्यायचं ते माझ्या हातात आहे. ते तितकंसं खरं नाही. उत्तर मी त्याच संध्याकाळी देऊन टाकलं. ‘मी एकटीच असते’ एवढं लिहिलं आणि थांबले. तिथे थांबले असते तर खोटं काहीच नव्हतं. मग पुढे आणखी एक वाक्य लिहिलं, कोणी विचारलेलं नसताना: ‘लग्न केलं नाही.’ वाचून बघितलं. स्वच्छ दिसलं. पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘मग पावशेर पुरे,’ आणि त्यावर मी हसलेसुद्धा.

पंधरा वर्षं मी मनात तुमच्याशी भांडत होते की तुम्ही थांबायला हवं होतं, मी सांगणार होते. पाठ केलेले शब्द मला अजून येतात. पण त्या दिवशी त्या मुलासमोर ते खरंच माझ्या तोंडून निघाले असते का, हे आता मला सांगता येत नाही. तुम्हाला तेव्हाच शंका आली असेल. बापाला येते. किंवा नसेलही आली, नुसती मामाची चीड आली असेल.

आज गुरुवार, शाळेत रजा टाकली आहे. त्यांच्या घरचा फोन नंबर माझ्याकडे आहे, ई-मेलच्या खाली ते तो दर वेळी लिहितात. दुपारपासून दोनदा फोनपाशी जाऊन आले, आणि दोन्ही वेळा परत येऊन तुम्हाला लिहीत बसले, कारण तुम्हाला सांगणं सोपं आहे.